अनुभव धागा: कुरळे केस, न्हाण्याचा वार आणि गोव्याची दमट हवा

कुरळे केस धुवायचे म्हटले की अर्धा रविवार गेला, हे बहुतेकांचे गणित. ते तासाभरात बसते, फक्त कुठली मिनिटे वाचवायची ते कळायला हवे. म्हणून हा धागा. प्रत्येक अनुभवाच्या वर लिहिणाऱ्याचे गाव आहे. एकच अट: ‘थोडेसे’, ‘अंदाजाने’ असे लिहू नका. चमचे लिहा, मिनिटे लिहा, केसांची लांबी लिहा, पाणी नळाचे की विहिरीचे तेही लिहा. कुठल्या कंपनीचे घेऊ हा प्रश्न इथे नको, त्यावर आधीच पुरेशी भांडणे झाली आहेत.

सुरुवात मीच करते. केस खांद्याच्या खाली चार बोटे, दाट, नळाचे पाणी. सगळ्यात जास्त वेळ खातो तो गुंता. कोरड्या केसांत फणी घालून तो सोडवायला जाल तर वीस मिनिटे जातात आणि केस तुटतात ते वेगळेच. शाम्पू १ चहाचा चमचा, वाटीभर पाण्यात कालवून फक्त टाळूला. लांबीला ओघळेल तेवढा पुरे. मग कंडिशनर ४ चमचे, केस निथळत असताना. डोक्याचे चार भाग करायचे, प्रत्येकात आधी बोटे, मग मोठ्या दातांचा कंगवा, टोकाकडून वर. एका भागाला दीड मिनिट. कंगवा अडला तर ओढायचा नाही, त्या जागी ओंजळभर पाणी घालायचे. बहुतेक वेळा कंडिशनर कमी पडलेला नसतो, पाणी कमी पडलेले असते. यानंतर केस वाळेपर्यंत कंगव्याचे काम संपले.

फोंडा

पाण्याबद्दल. आमच्या नळाला ओपाचे, म्हणजे खांडेपार नदीचे पाणी. त्यात वर लिहिलेले माप बरोबर बसते. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागला आणि पाणी बोअरवेलचे निघाले की तोच शाम्पू फेस धरत नाही, कंडिशनर लावूनही केस चरचरीत लागतात. मग लोक कंडिशनर वाढवत जातात आणि बटा जड होऊन लोंबतात. चूक तिथे आहे. कडक पाण्यातल्या कॅल्शियमचा थर केसावर बसतो, त्यावर कितीही कंडिशनर ओता. ईडीटीए (कॅल्शियम, लोखंड पकडून ठेवणारे रसायन) असलेला, थर काढणारा शाम्पू चार आठवड्यांतून एकदा वापरायचा, त्या दिवशी कंडिशनर दहा मिनिटे ठेवायचा. पाणी कडक आहे का हे बघायला अंगाचा साबण पुरे: तांब्याभर पाण्यात घोळून फेसाऐवजी पांढरा साका दिसला तर कडक. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या कडकपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. पाणी तपासून घेतलेत तर अहवालात हा आकडा बघा, नुसता टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) बघून उपयोग नाही.

डिचोली

विहिरीचे पाणी, जांभ्या दगडातले. बालदीच्या बुडाशी तांबूस गाळ बसत असेल तर ते लोखंड. पाणी आदल्या रात्री भरून ठेवा, सकाळी वरचे तीन भाग घ्या, तळाचे सोडा. शेवटच्या पाण्यात सुरेचे (माडाच्या ताडीचे) विनेगर: १ लिटरला १ मोठा चमचा, त्याहून जास्त नाही. डोक्यावरून ओतून अर्ध्या मिनिटात साध्या पाण्याने धुवायचे. साबणाचा साका आणि चरचरीतपणा याने कमी होतो, पण लोखंडाचा जुना थर निघत नाही, त्याला वर फोंड्याने लिहिलेला शाम्पूच लागतो. आणि कोणी कोकमाचे आगळ सुचवील, त्यात मीठ असते. ते कढीलाच ठेवा.

मडगाव

जेलचे सांगते, सगळी मेख तिथे आहे. जेल लावायची वेळ म्हणजे केस मुठीत धरले की पाणी टपटपते ती. टॉवेलने पुसून मग जेल लावले तर बट एकसंध बसत नाही, केस सुटे वाळतात आणि पिंजल्या कापसासारखे दिसतात. खांद्यापर्यंतच्या केसांना लीव्ह-इन (न धुता केसांत ठेवायचा कंडिशनर) १ चमचा, जेल ३ चमचे. आधी दोन्ही तळहातांत पसरून केसांवरून सपाट फिरवा, मग डोके खाली करून टोके तळव्यात घेऊन वर टाळूपर्यंत चुरा, प्रत्येक ठिकाणी पाच-सहा वेळा. ओल्या फडक्यासारखा पचपच आवाज यायला हवा. आवाज नसेल तर पाणी कमी आहे, जेल वाढवू नका.

पांढरे कण का पडतात असे सगळे विचारतात. लीव्ह-इन आणि जेल यांचे जमत नाही म्हणून. केसांवर प्रयोग करण्याआधी तळहातावर दोन्हीचा एकेक थेंब बोटाने कालवा. नारळाचा रस फुटल्यासारखी कणी दिसली की ती जोडी बाद. एकजीव, चकचकीत राहिले तर बिनधास्त लावा.

म्हापसा

घरचे अळशीचे जेल: ४ मोठे चमचे अळशी, २ कप पाणी, मध्यम आच, सतत ढवळत ७ ते ९ मिनिटे. पळीतून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच बंद. आणखी दोन मिनिटे ठेवलेत तर गाळताच येत नाही, हीच नेहमीची फजिती. गरम असतानाच नायलॉनच्या जुन्या मोज्यातून, चिमट्याने दाबत गाळा. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते, आंबट वास आला की फेका. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवले तर दर खेपेला दोन-तीन तुकडे काढले की झाले.

वास्को

अळशी डिसेंबर-जानेवारीला ठीक. जून ते सप्टेंबर मात्र तिचा थर हवेतल्या ओलाव्याने दुपारपर्यंत मऊ पडतो. पावसाळ्यात बाटलीच्या मागचे वाचा: पहिल्या पाच घटकांत ग्लिसरीन असेल तर ठेवून द्या, ते हवेतले पाणी ओढते आणि केस फुगतात. नुसते पीव्हीपी (केस आकारात धरून ठेवणारा घटक) असलेले जेल दमट हवेत चिकट होते, पीव्हीपी/व्हीए (त्याचाच ओलावा कमी ओढणारा प्रकार) लिहिलेले त्यापेक्षा बरे टिकते.

पर्वरी

वाळवणे. जेलनंतर सुती पंचा किंवा जुना टी-शर्ट, केसांखाली धरून फक्त दाबायचा. चोळायचा नाही, दहा मिनिटांपेक्षा जास्त गुंडाळायचा नाही. त्यानंतर पंख्याखाली बसू नका! जेलचा पापुद्रा बसायच्या आधी वारा लागला की वरचे केस उडून वेगळे होतात. पावसात खांद्याइतके केस नुसत्या हवेवर चार-पाच तास ओले राहतात, कुबट वास येतो, म्हणून डिफ्युझर, म्हणजे ड्रायरच्या तोंडाला लावायची भोकांची पसरट वाटी. पहिली पाच मिनिटे लांबून, मंद उष्णतेवर, हात न लावता. मग बटा वाटीत घेऊन वर टेकवायच्या, एका जागी ३० सेकंद, ड्रायर हलवायचा नाही. २० ते २५ मिनिटांत ऐंशी टक्के वाळतात. मुळाशी बोट घालून गार लागले तर अजून ओले आहेत. लाईट जायची शक्यता दिसली तर सुरुवात मुळांपासून करा, टोके आपोआप वाळतात.

पूर्ण वाळल्यावर केस कडक लागतील. घाबरून पाणी मारू नका. घाण्यावरच्या खोबरेलाचे २ थेंब तळव्यांना लावून बटा वर चुरायच्या, पापुद्रा मोडतो आणि आकार राहतो. तीन थेंब झाले तर संध्याकाळपर्यंत तेलकट.

काणकोण

लहान मुलांसाठी: जेल नको, कंडिशनरच अर्धा चमचा केसांत ठेवून द्या. सात मिनिटांत सगळे आटपते, त्याहून जास्त वेळ मूल न्हाणीत थांबत नाही.

मडगाव (पुन्हा)

खोबरेलाचे राहिले. धुण्याआधी लावायचे तर १ मोठा चमचा, लांबीला, अर्धा तास आधी. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दिसले. खनिज तेल आणि सूर्यफूल तेलाने तसे झाले नाही. कोंडा असेल तर टाळूला मात्र नको.

पणजी

स्कूटरवाल्यांसाठी. ओल्या केसांवर हेल्मेट घातले की केस दबले त्याच आकारात वाळतात, मग दिवसभर मधोमध खाच. पूर्ण वाळल्याशिवाय निघायचे नाही. हेल्मेटखाली सॅटिनची पातळ टोपी, बटा पुढून मागे न ओढता मानेवर मोकळ्या सोडायच्या. उतरल्यावर डोके खाली करून मुळाशी बोटे हलवा, कंगवा नको. अबोलीची फाती (गजरा) माळायची असेल तर पिन बटेच्या आतून, मुळाजवळ घाला. बाहेरून घातली तर काढताना ती बट सुटते आणि पुढच्या न्हाण्यापर्यंत तशीच राहते.