'द थर्ड मॅन'ला ब्रिटिश न्वारचा नमुना म्हणणं थांबवा

रीळबहाद्दर:
दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश 'न्वार'चा, म्हणजे काळोख्या, कडवट गुन्हेपटांचा विषय निघाला की गाडी कॅरल रीडच्या 'द थर्ड मॅन'वर (१९४९) येऊन थांबते. सिनेमा थोरच. पण घडतो व्हिएन्नात, दोन्ही मित्र अमेरिकी, युद्धानंतरच्या लंडनमधली चणचण नावालाही नाही. त्यापेक्षा रॉबर्ट हेमरचा 'इट ऑल्वेज रेन्स ऑन संडे' (१९४७) बघा. बेथनल ग्रीनमधलं घर, एकच रविवार. डार्टमूर तुरुंगातून पळालेला जुना प्रियकर परसातल्या हवाई हल्ल्यासाठीच्या शेल्टरमध्ये सापडतो आणि नायिका गूगी विदर्सला त्याला लपवून नवरा, पोरं, जेवणखाण सगळं उरकायचंय. आंघोळसुद्धा स्वयंपाकघरात, पत्र्याच्या टबात. लपवायला जागाच नाही, थरार तिथे आहे.

सावलीचोर:
मग तो कौटुंबिक सिनेमा झाला की! न्वार म्हणजे आधी प्रकाशयोजना. 'थर्ड मॅन'चा कॅमेरामन रॉबर्ट क्रास्करच्या त्या रात्री बघा, रस्ते पाणी मारून भिजवलेले. कोरडा दगडी रस्ता उजेड पिऊन टाकतो, पडद्यावर नुसता काळा डाग दिसतो. ओला असला आणि दिवा पात्राच्या मागे ठेवला, की दगडादगडाची कड चमकते आणि माणूस त्यावर कापून चिकटवल्यासारखा उठून दिसतो. हेमरकडे असलं काय आहे?

रीळबहाद्दर:
शेवट पाहिलात का? रात्रीचं रेल्वे यार्ड, वाफ, सरकत्या वॅगनींमधला पाठलाग. डग्लस स्लोकोमचा कॅमेरा आहे. आणि 'थर्ड मॅन'च्या तिरक्या चौकटींचं कौतुक आवरा. दिग्दर्शक विल्यम वायलरने 'थर्ड मॅन' पाहून रीडला पाणसळ पाठवली होती, कॅमेऱ्यावर ठेवायला!

तिसरी_घंटा:
तुम्हा दोघांना हवं ते कावाल्कांतीच्या 'दे मेड मी अ फ्युजिटिव्ह'मध्ये (१९४७) आहे. हवाई दलातून सुटलेल्या ट्रेव्हर हॉवर्डला शांततेत करमत नाही, म्हणून तो काळाबाजारवाल्यांत शिरतो. माल अंत्यविधीच्या दुकानातून, शवपेट्यांत भरून फिरतो. शेवटची हाणामारी त्याच दुकानाच्या छतावर, 'आर.आय.पी.'च्या ('रेस्ट इन पीस') अवाढव्य अक्षरांपाशी. इंग्लंडात कपड्यांचं रेशन मार्च १९४९मध्ये उठलं, मांसाचं जुलै १९५४मध्ये. त्यामुळे रुंद खांद्यांचा कोट आणि भडक टाय दिसला की प्रेक्षकाला कळायचं, हा 'स्पिव', म्हणजे काळाबाजारवाला आहे. संवादाची गरजच नाही.

सावलीचोर:
पण त्याचा कॅमेरामन ओटो हेलर प्रागचा, दिग्दर्शक ब्राझीलचा. 'नाइट अँड द सिटी'चा (१९५०) दिग्दर्शक डसिन अमेरिकी. ब्रिटिश उरलं काय?

तिसरी_घंटा:
या हिशेबाने हॉलिवूडची न्वारही अमेरिकी नाही. लँग, वाइल्डर, सिओडमाक हे तिथले दिग्दर्शक तिघेही हिटलरमुळे बर्लिन सोडून आलेले.
'नाइट अँड द सिटी' काढलाच आहे तर आवृत्ती तपासा. ब्रिटिश सुमारे १०१ मिनिटांची, संगीत बेंजामिन फ्रँकेलचं. अमेरिकी सुमारे ९५, संगीत फ्रान्झ वॅक्समनचं, संकलनही वेगळं. एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरी पाहिली असेल तर भांडण फुकट. 'थर्ड मॅन'चंही तेच. अमेरिकेसाठी निर्माता सेल्झनिकने ११ मिनिटं कापली आणि सुरुवातीचं निवेदन नायक जोसेफ कॉटनला दिलं. ब्रिटिश आवृत्तीत तो आवाज खुद्द रीडचा, काळ्या बाजारात मुरलेल्या माणसाचा, जरा मिश्कील. रीळबहाद्दर, लंडनचा स्पिव तिथे आहे, फक्त व्हिएन्नाच्या काळ्या बाजारात पेनिसिलिन विकतोय.

रीळबहाद्दर:
आवाजापुरतं मान्य. पहिल्या नंबरावर तरीही हेमरच.

सावलीचोर:
म्हणजे मी कॉटनवाली पाहिली होती. असो, रस्ते दोन्हींत ओलेच आहेत.