'रन' तुमच्या घरात कोणत्या अर्थाने आला?

परवा पाचवीतल्या लेकीने विचारलं, "आई, नदी रन करते, नाक रन करतं, बाबा दुकान रन करतात. मग पळतं कोण?"

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद 'सेट'ची होती. पुढच्या सुधारणेत 'रन' पुढे गेला. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! ते लावायला पीटर गिलिव्हर या कोशकाराला नऊ महिने लागले. आपण मात्र बहुतेक ठिकाणी पळत नाही, चालतो. दुकान चालतं, घड्याळ चालतं. नाक वाहतं, कपड्याचा रंग जातो आणि निवडणुकीला माणूस चक्क उभा राहतो. (ब्रिटिश इंग्रजीतही 'स्टँड'च, 'रन' अमेरिकेतला.)

क्रिकेट सोडून तुमचा 'रन' सांगा. अगदी दोन ओळींचा अनुभवही चालेल.

*

माझे बाबा भुसावळला रेल्वेत ड्रायव्हर होते. कुणी विचारायला आलं की आई सांगायची, "ते रनिंगला गेलेत." मला वाटायचं, बाबा इंजिनाच्या पुढे पळतात. रनिंग स्टाफ म्हणजे गाडीबरोबर जाणारे ड्रायव्हर-गार्ड, हे बऱ्याच उशिरा कळलं. किती किलोमीटर गाडी नेली त्यावर मिळतो तो रनिंग अलाउन्स. आणि पलीकडच्या गावी गाडी सोपवली की पाठ टेकायची ती रनिंग रूम. तिथे आपला शिधा दिला की स्वयंपाकी रांधून द्यायचा. त्यामुळे आमच्याकडे रात्री दोनला कॉलबॉयने (ड्युटीचं बोलावणं आणणाऱ्याने) कडी वाजवली, की बाबा त्याच्या वहीवर सही करेपर्यंत आई कंदिलाच्या उजेडात पुड्या बांधत असे. तांदूळ, तूरडाळ, एक कांदा, दोन बटाटे. हळदीची पुडी नेहमी सर्वांत वर, दोऱ्याचे दोन वेढे जास्त देऊन, कारण एकदा ती फुटून बाबांचा सदरा पिवळा झाला होता. पळण्याशी संबंध असलेल्या शब्दाने मला आजही आधी तो हळदीचा वास येतो.

*

घराचं काम काढणाऱ्यांसाठी: मिस्त्री 'रनिंग फुटा'चा भाव सांगतो तेव्हा फक्त लांबी मोजली जाते, रुंदी नाही. भिंतीच्या तळाची स्कर्टिंगची पट्टी अशीच मोजतात. मी तो चौरस फुटाचा दर समजले आणि हिशेब पार बिघडला. दर ठरवतानाच विचारून घ्या.

*

मी इंग्लंडमध्ये डॉक्टर आहे. पहिल्याच महिन्यात एक आजोबा म्हणाले, "रविवारपासून रन्स आहेत." मी गुडघे दुखतात का, असं विचारलं. ते गप्प झाले, मग खालच्या आवाजात जुलाब होत असल्याचं सांगितलं. ज्याला आधीच संकोच वाटतोय त्याला तेच दोनदा सांगायला लावलं, हे मला फार लागलं. तेव्हापासून शब्द नीट कळला नाही की लगेच विचारते. ताप असला तरी इथे 'रनिंग अ टेम्परेचर' म्हणतात.

*

आमच्या गावच्या सहकारी बँकेबद्दल अफवा उठली तेव्हा वडील पहाटे पाचला रांगेत उभे होते. ठेवीदार असे एकदम पैसे काढायला आले की त्याला 'बँक रन' म्हणतात, हे मी पुढे कॉमर्सला शिकले. पण त्या दिवशी कुणीच धावत नव्हतं. सगळे पासबुक छातीशी धरून बंद शटरकडे बघत उभे होते. तेव्हा बँकेतल्या ठेवींना विम्याचं संरक्षण एक लाखापर्यंतच होतं. फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख झालं.

*

माझा 'रन' शिवणाच्या तासातला. पुस्तकात 'रनिंग स्टिच' होतं, बाईंनी फळ्यावर लिहिलं: धावदोरा. इथे मराठी खरंच धावते! आजी गोधडी धावदोऱ्यानेच भरायची. काठापासून सुरुवात, मग आत आत वळत मध्यापर्यंत. सुई लगेच ओढायची नाही; चार-पाच टाके सुईवर गोळा करायचे, अंगठ्याने कापड मागे सारायचं आणि मग एकदम दोरा खेचायचा. त्या खेचण्याचा सुर्रर्र आवाज ऐकत मी तिच्या मांडीशी झोपायचे. ती गोधडी अजून आहे. एका कोपऱ्यातले टाके वेडेवाकडे, मोठे मोठे आहेत. ते माझे. आजीने उसवले नाहीत.