होडी, चाकं आणि घरचा ट्रेलर: तुमचे अनुभव लिहा

खाडीकाठ:
परवा शेजारच्या वाडीतली पोरं होडी वर घेत होती, १ जूनपासून मासेमारीला बंदी म्हणून घाई, आणि तो ओरडा ऐकून मी हातातलं काम टाकून गडग्यापर्यंत गेलो. लहानपणी मालवणजवळ आमच्या आचऱ्याला बाबांची उलांडीची (तोल राखायला बाजूला बांधलेलं लाकूड) होडी वर काढायची म्हणजे दहा-बारा माणसं लागायची. खाली माडाचे ओंडके, होडी पुढे सरकली की मागचा ओंडका उचलून पळत पुढे नेऊन घालायचा, ते काम आम्हा पोरांचं. आता वाडीत माणसंच नाहीत, अर्धी मुंबईला अर्धी गोव्यात. गेल्या वर्षी बाबा, वय ७४, एकटेच ढकलायला गेले आणि कंबर धरून महिनाभर झोपून. तेव्हाच ठरवलं चाकं लावायची.

तयार ट्रेलरच्या किमती ऐकून फोन ठेवला. मग भंगारातून एक जुना आस, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, आणला, वरची चौकट जीआय पाइपची, वेल्डरकडे बसून करून घेतली. आधी मोटरसायकलची चाकं लावली, ती वाळूत अशी रुतली की होडीपेक्षा ट्रॉलीच ओढून काढावी लागली. मग जीपचे जुने टायर घातले आणि हवा अर्ध्याहून कमी केली, टायर पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. दुसरी चूक म्हणजे आस बरोबर मधोमध टाकला होता, मागे इंजिन चढवल्यावर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, एकदम वर उडाली, बाबांच्या हनुवटीला लागता लागता राहिली. आस वीतभर मागे घेतला तेव्हा जमलं. उलांडी सोडून वेगळी ठेवावी लागते, नाहीतर सगळा भार एका चाकावर. सगळं मिळून साडेसहा हजार. आता मी आणि बाबा दोघंच होडी वर आणतो. तुम्ही कोणी असं काही केलंय का, लिहा.

ऑकलंडची ताई:
बेअरिंग!!! सगळ्यात आधी ते बघा. आम्ही १२ फुटी अल्युमिनियमच्या बोटीसाठी जुना ट्रेलर घेतला, तो मोठ्या बोटीचा होता म्हणून विंचचा (दोर गुंडाळून बोट ट्रेलरवर ओढायची कळ) खांब मागे सरकवावा लागला आणि टेकायच्या पट्ट्या जवळ घेतल्या, वरून जुना गालिचा ठोकला. पण नवऱ्याने हायवेवरून येऊन तसाच ट्रेलर समुद्रात घातला. हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, गरम असतो, थंड पाणी लागलं की आतली हवा आकसते आणि खारं पाणी आत ओढून घेते, चार महिन्यांत बेअरिंग गेलं, रात्री रस्त्याकडेला मुलांना घेऊन उभे होतो. आता पोचल्यावर अर्धा तास थांबतो, चहा पितो, मग पाण्यात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं कधीच चुकवत नाही. आणि जुना ट्रेलर घेताना हातोडीने ठोकून बघा, चौकट आतून सडते, वरून रंग मारलेला असतो. खणखणीत वाजला तरच पैसे काढा.

भिगवणकर:
खाडीवाल्यांना वाळू तरी आहे. आमच्याकडे उजनीला उन्हाळ्यात पाणी इतकं मागे जातं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि होडी आणि पाणी यांच्यामध्ये नुसता चिखल. वरून सुकलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत. आम्ही दोन फळ्या ठेवतो, ट्रॉली त्यावरून, मागची फळी पुढे. म्हणजे दादा तुमचे ओंडकेच झाले की परत. ट्रॅक्टर पाण्याजवळ नेऊ नका कोणी, आमचा एक फसला होता, काढायला दुसरे दोन लागले.

माहेर_मालवण:
आचऱ्याला कुठे हो? माझं आजोळ तिथलं, रामेश्वराच्या देवळाजवळ. बाबांची कंबर कशी आहे आता? माझ्या वडिलांची होडी त्यांच्या माघारी अंगणात उपडी पडून आहे, सात वर्षं झाली, कोणी हलवत नाही आणि कोणी विकूही देत नाही. हे वाचून पहिल्यांदा वाटलं की चाकं लावून निदान खाडीपर्यंत तरी न्यावी.

खाडीकाठ:
ताई, नक्की न्या. लाकडी असेल तर आधी फटी बघा, इतकी वर्षं सुकल्यावर फळ्या आकसलेल्या असणार, थेट पाण्यात घालू नका. बाबा बरे आहेत, वाकून काम बंद केलंय.

पुणे_शिडवाला:
खडकवासल्याला आमच्या मुलाची ऑप्टिमिस्ट असते, मुलांची छोटी शिडाची होडी, ३५ किलोची, त्यामुळे हाताने ओढायची छोटी ट्रॉली पुरते. पण एक विचारायचं होतं, घरी केलेला ट्रेलर गाडीला लावून रस्त्याने नेता येतो का? लेझर, म्हणजे त्याहून मोठी शिडाची होडी, घ्यायचा विचार आहे.

भिगवणकर:
नाही, रस्त्यावर आणायचा तर ट्रेलरचं स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं. सरळ छोटा हत्ती भाड्याने घ्या, पण लेझर चार मीटरच्या वर आहे, मागे बाहेर येणार, लाल फडकं बांधा आणि नीट आवळून घ्या.

मिनेसोटा_मराठी:
आमच्याकडे तळ्यावरून निघताना बुडाचं बूच काढून सगळं पाणी सांडूनच निघायचं असा कायदा, एका तळ्यातले शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. ट्रेलरबद्दल एकच सांगतो, एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार गाडीच्या हुकवर यायला हवा, कमी पडला की वेगात ट्रेलर शेपटी हलवतो आणि गाडीलाही घेऊन जातो. मी आस हलवला नाही, बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे घेतली. दिव्यांची वायरिंग पांढरी अर्थ, तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावी, हिरवी उजवी. पाण्यात घालण्याआधी दिव्यांच्या वायरचा प्लग काढा, नाहीतर गरम बल्ब फुटतात. रिव्हर्ससाठी स्टिअरिंग खालून धरायचं, हात जिकडे तिकडे ट्रेलर. बायकोने हे मला एका रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवलं, त्याआधी मी तीन वर्षं घाम गाळत होतो.

ऑकलंडची ताई:
खालून धरायचं हे आजच नवऱ्याला सांगते!! धन्यवाद दादा

माहेर_मालवण:
विषय सोडून लिहिते, पण आचरा म्हटलं की मला गावपळणच आठवते, गाव रिकामं करून बाहेर राहायची प्रथा. तीन दिवस सगळं गाव वेशीबाहेर, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी. लहानपणी आजीबरोबर राहुटीत राहिलेय, ती चुलीवरची पेज अजून जिभेवर आहे. पुढच्या वेळी तुमची ट्रॉली कामाला येईल, होडीत कोंबड्या भरून चला.

खाडीकाठ:
बाबांना वाचून दाखवलं, खूप हसले. म्हणाले कोंबड्या चालत येतील, होडीत आईला बसव, तिचे गुडघे दुखतात.