पोट चोळून बाळ फिरवावं का? मदत हवी आहे

नमस्कार ताईंनो. मी खानापूर तालुक्यातली. माझ्या धाकट्या जावेला ३४ वा आठवडा सुरू आहे आणि सोनोग्राफीत बाळ पायाळू निघालंय. सासूबाई म्हणतात, गावातल्या सुईण आजींकडून पोट चोळून घे, बाळ फिरतं.

परवा आजी आल्या. कोमट खोबरेल तेल हाताला लावून आधी नुसतं चाचपलं आणि डोकं बरगडीखाली आहे हे अगदी बरोबर सांगितलं. त्या हाताला अनुभव आहे, मी मानते. माझा नवरा त्यांच्याच हातचा. पण त्या जोर द्यायला लागल्या तशी जाऊ कळवळली, आणि मी मध्ये पडले. तेव्हापासून घरात अबोला आहे.

गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी सांगितलं, बरीच बाळं अजून आपली आपण फिरतात. नाहीच फिरलं तर ३६-३७ व्या आठवड्यात डॉक्टर दवाखान्यातच, बाळाचे ठोके बघत, बाहेरून फिरवायचा प्रयत्न करतात. घरी जोरात चोळलं तर वार (बाळाला नाळेतून पोसणारी) सुटून रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय कळा लवकर याव्यात म्हणून नवव्या महिन्यात एरंडेल पाजायचंही घरात घाटतंय, त्याची मला जास्तच धास्ती.

बेळगावात असं बाळ कुणी फिरवून घेतलंय का? किती दुखलं? सासूबाईंना सोबत नेलं तर त्यांना मराठीत शांतपणे समजावतील असे डॉक्टर हवेत. आणि आजींचा मान राखून नुसती पाठ-पाय हलक्या हाताने चोळून घ्यायला हरकत नाही ना?