यमकाची यादी पाठ करून इंग्रजी येतं का?

डिचोलीची आई

माझी मुलगी मराठी शाळेत तिसरीत आहे. परवा तिच्या वहीत चाळीस इंग्रजी शब्दांची यादी आली. यमक जुळणारे चार-चार शब्द, समोर देवनागरीत उच्चार, त्यापुढे एका शब्दात मराठी अर्थ. सोमवारपर्यंत सगळं तोंडपाठ हवं होतं.

शनिवारी रात्री ती घोकत बसली होती. "टेस्ट म्हणजे परीक्षा, बेस्ट म्हणजे उत्तम, पेस्ट म्हणजे खळ, टेस्ट म्हणजे चव." मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, परीक्षा आणि चव एकच गे?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग मोठ्याने म्हणून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की इथे चार शब्दांचं यमकच नाही. परीक्षेचा 'टेस्ट' 'बेस्ट'शी जुळतो आणि चवीचा 'टेस्ट' 'पेस्ट'शी. इंग्रजीत हे दोन वेगळे स्वर आहेत. पहिला आखूड आहे. दुसरा लांबतो आणि शेवटी 'इ'कडे झुकतो. आपल्याकडे मात्र एकच 'ए', म्हणून चारही एका रांगेत बसले. लिहायचं पेन आणि दुखण्यातलं पेन, ओला वेट आणि थांबायचा वेट, विकणे या अर्थाचं सेल आणि शिडाचं सेल या जोड्यांचंही तेच.

पुढच्या पानावर याच्या उलट चूक होती. 'फूड, गुड, ब्लड' हे तिन्ही यमक म्हणून दिले होते, कारण तिन्हींच्या शेवटी दोन 'ओ' आणि 'डी'. म्हणजे एका पानावर देवनागरी बघून यमक जुळवलं आणि दुसऱ्यावर स्पेलिंग बघून. शब्द कानाने कुणी ऐकलेच नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. या याद्या बंद करा. यमक ऐकवा, म्हणवून घ्या, आणि अर्थ वस्तू दाखवून किंवा वाक्यातून द्या. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त मास्तर, वाळपई

ताई, यादीत चूक आहे हे मान्य. पण तेवढ्यासाठी पाठांतर बंद करा म्हणता, ते मला मुळीच मान्य नाही.

मी सत्तरी तालुक्यात तीस वर्षांहून जास्त शिकवलं. कुळागरात राबणाऱ्यांची, काजीच्या बागायतीत काम करणाऱ्यांची मुलं. घरात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नसे. 'वाक्यातून शिकवा' म्हणायला सोपं आहे, पण वाक्य म्हटलं की ती मुलं खाली मान घालायची. 'कॅट, बॅट, मॅट' सुरू केलं की मागच्या बाकावरचा पोरगासुद्धा तोंड उघडायचा. ताल मिळाला की भीती जाते. हे मी रोज पाहिलंय.

आणि शब्द छंदात बांधून पाठ करणं ही आपलीच रीत. अमरकोश म्हणजे काय? सुमारे दीड हजार श्लोकांचा शब्दकोश, आणि पोरं तो अर्थ कळायच्या आधी पाठ करत. अर्थ पुढे वयाबरोबर आला. पाढे तसेच.

आपल्या गोव्याचंच उदाहरण घ्या. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली इथे आला, मराठी शिकला आणि सुमारे ११ हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ साली ते छापलं गेलं. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असतं. परक्या भाषेचं यमक त्या माणसाच्या जिभेवर इतकं बसलं ते म्हटल्याशिवाय, घोकल्याशिवाय?

पेडण्याची टीचर

मास्तर, ताल मिळाला की भीती जाते, हे शंभर टक्के खरं. मी पहिली-दुसरीला शिकवते, मलाही तोच अनुभव. पण स्टीफन्सचं उदाहरण मला उलट वाटतं. तो साष्टीत लोकांमध्ये राहिला, आणि ओवीत यमक असलं तरी तिच्या पोटात गोष्ट होती. 'टेस्ट, बेस्ट, पेस्ट' यात गोष्ट कुठली?

यमकाचा वाचनाला उपयोग होतो यावर जुना अभ्यास आहे. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या ऑक्सफर्डच्या दोघा संशोधकांनी तो १९८३ साली प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या एका गटाला शब्दांतले सारखे आवाज ओळखायला शिकवलं. दुसऱ्या गटाला तेच शिकवलं, पण सोबत प्लॅस्टिकची अक्षरं हातात दिली. सगळ्यांत पुढे गेला तो हा दुसरा गट. म्हणजे कान आणि अक्षर दोन्ही एकत्र हवं.

पण ती मुलं इंग्रजी घरातली होती, हे आपण विसरतो. त्यांना 'हॅट' म्हणजे काय ते आधीच ठाऊक होतं. यमकातून त्यांना फक्त आवाज आणि अक्षराची सांगड शिकायची होती. आपल्या मुलाला त्याच क्षणी आवाज नवा, अक्षर नवं आणि अर्थही नवा. एका ओळीत तीन ओझी. म्हणून मी यमकात फक्त तेच शब्द घेते जे मुलांना आधीपासून माहीत आहेत. बस, बॉल, बॅट, पेन, बॉक्स, कप असे कितीतरी इंग्रजी शब्द ती घरातून घेऊन येतात.

फोंड्याचा बाबा

मी टेम्पो चालवतो, शिक्षण दहावी. माझ्यासारख्या बापाची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितोय.

मुलगा दुसरीत. रात्री त्याचा अभ्यास मी घेतो. त्याच्याही यादीत देवनागरी उच्चार आणि मराठी अर्थ होता म्हणून घेऊ शकलो. यादी बंद झाली तर मी काय घेणार? शिकवणीला पाठवायचं म्हणजे पैसे.

आणि देवनागरीला एवढा दोष देऊ नका. 'वर्ड, बर्ड, हर्ड' बघा. इंग्रजीत एकात 'ओ-आर', दुसऱ्यात 'आय-आर', तिसऱ्यात 'ई-ए-आर'. इंग्रजी अक्षरं बघून मला जन्मात कळलं नसतं की हे तिन्ही जुळतात. देवनागरीत लिहिले तेव्हा एका नजरेत कळलं. 'ब्लू, शू, थ्रू' पण तसेच. पोराने ते मला दाखवलं तेव्हा आम्ही दोघंही खूष झालो होतो.

डिचोलीची आई

दादा, 'वर्ड-बर्ड-हर्ड'चा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. तो मी मानते. घरी अभ्यास घेणाऱ्याला काहीतरी हातात हवं, हेही मानते.

पण एका शब्दात अर्थ देण्याचं काय? त्याच यादीत 'राइस म्हणजे भात' होतं. आमच्या घरी कोकणी बोलतात. कोकणीत भात म्हणजे टरफलासकट धान्य, कोठारातलं. शिजवलेलं ते शीत. मधला तो तांदूळ. तिन्हींना इंग्रजीत एकच 'राइस'. लेकीने उत्तर काय दिलं असेल? 'राइस शेतात असतो, ताटात नाही.' तिच्या परीने बरोबरच होतं ते. ताटातल्या शितावर बोट ठेवून 'राइस' म्हटलं, मग आजीने निवडायला घेतलेल्या सुपातले दाणे दाखवले, मग तिला कळलं. दोन मिनिटं लागली.

निवृत्त मास्तर, वाळपई

ताई, जी पोर घरचा भात आणि शाळेच्या पुस्तकातला भात तिसरीपर्यंत न गोंधळता सांभाळते, ती 'राइस'ही सांभाळेल. पोरांवर भरवसा ठेवा. प्रत्येक शब्दाला दोन मिनिटं दिली तर चाळीस शब्दांना ऐंशी झाली, आणि माझ्यासमोर एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता बसलेल्या असायच्या. आधी पाठ, मग उलगडा, हा क्रम मी सोडणार नाही. शुद्ध यादी करून द्या, एवढंच म्हणेन.

म्हापशेकर

'फूड, गुड, ब्लड'बद्दल थोडं. हे तिन्ही शब्द एके काळी खरोखर जुळत होते. तिन्हींत लांब 'ओ' होता. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे लांब स्वर सरकले, तो 'ऊ' झाला. पुढे 'ब्लड' आणि 'गुड'मध्ये तो वेगवेगळ्या वेळी आखूड झाला. पण कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना आणला होता, आणि छापील स्पेलिंग हळूहळू जुन्या उच्चारावरच थिजलं. तेव्हा शिक्षकाने तीन शब्द 'दिसायला सारखे, ऐकायला वेगळे' म्हणून मुद्दाम शेजारी ठेवले तर उत्तम. यमक म्हणून नव्हे.

फोंड्याचा बाबा

टीचर, ती अक्षरं हातात द्यायची म्हणालात, ती विकत आणावी लागतात का?

पेडण्याची टीचर

नाही दादा. मी पाण्याच्या बाटल्यांची झाकणं वापरते. प्रत्येकावर एक लहान अक्षर, कॅपिटल नको. 'आय' आणि 'जी' शेजारी मांडायचे आणि त्यांच्या डावीकडे एकेक झाकण लावत जायचं. 'बी' लावला की बिग, 'डी' लावला की डिग, 'पी' लावला की पिग. प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायचं. तुमच्या यादीतलाच शब्द घ्या, पण तो आणि रांगेतला शब्द, दोन्ही तोंडाने म्हणून बघा. जुळला तरच त्या रांगेत.

एक कराच. प्रत्येक अक्षराच्या खाली रेघ मारा. झाकण गोल असतं, ते फिरलं की 'बी'चा 'क्यू' होतो, 'डी'चा 'पी' आणि 'एन'चा 'यू'. रेघ नव्हती तेव्हा माझ्या वर्गात आठवडाभर 'डिग' आणि 'पिग'ची अदलाबदल चालली होती.