उडी, झेप आणि गेलेली लाइट : जुन्या धाटणीच्या गेमचे तुमचे अनुभव

मृण्मयी_के

काल रात्री लाइट गेली. लेक लॅपटॉपवर 'सेलेस्ट' खेळत होती, मी शेजारी भाजी निवडत बघत होते. अंधार झाला आणि माझ्या तोंडून निघालं, "गेलं सगळं!" ती बघतच राहिली. "काय गेलं आई? बॅटरीवर आहे. आणि बंद पडला तरी याच ठिकाणाहून सुरू होतो."

मग रात्रभर मे १९९६ डोक्यातून जाईना. साताऱ्याला आत्याकडे, छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, कॅसेट काढून फुंकर मारायची आणि परत बसवायची. आतेभाऊ, आमचा नंदूदादा, मारिओच्या ८-४ ला, म्हणजे अगदी शेवटच्या टप्प्याला, पोचला होता. आम्ही पाच जण मागे श्वास रोखून बसलेलो, आणि लाइट गेली. त्या मारिओत सेव्ह हा प्रकारच नव्हता. दादा काही न बोलता गच्चीवर गेला. आत्याने माझ्या हाती पन्हं पाठवलं. अर्धा पेला पिऊन म्हणाला, "उद्या सकाळी परत १-१, पहिल्यापासून. तू बसशील ना बाजूला?" बसले. पुढच्या आठवड्यात त्याने राणी सोडवली तेव्हाही मीच बाजूला होते.

'सेलेस्ट' २०१८ चा, पण दिसायला अगदी तसाच, चौकोनी ठिपक्यांचा. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते. उडी मारायची, हवेत एक झेप घ्यायची, भिंत धरायची, एवढंच. पडली की क्षणात त्याच पडद्यावर परत उभी. लेकीच्या नावावर आतापर्यंत ६१२ मरणं आहेत आणि गेम तिला सांगतो, या आकड्याचा अभिमान बाळग. दादाला हे कोणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं.

तुमचंही लिहा. मारिओ, सेलेस्ट, शॉव्हेल नाइट, काहीही.

खडीसाखर

अडॅप्टर!! अकोल्याचा उन्हाळा आणि गेमचा तापलेला अडॅप्टर. आजी दर अर्ध्या तासाने त्याला हात लावून बघायची आणि म्हणायची, "त्याले ताप आला, आता निजू द्या."

कुकर झालाय, नंतर येते.

दत्ता_पाटील

कॉन्ट्रा राहिला की. सुरुवातीला बटणं दाबायची, वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे बी ए. ३० जीव मिळायचे. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेलं, बाईंनी पाहिलं आणि विचारलं, "ही कुठली कवायत?"

निशिगंध

@दत्ता_पाटील कवायत :) हसून चहा सांडला.

सह्यवारा

मी प्रोग्रामिंग करतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. सेलेस्टमध्ये काठावरून पाय सुटला तरी पुढचा ०.१ सेकंद उडी चालते. आपल्याला वाटतं अगदी टोकावरून मारली, खरं तर आपण हवेत असतो. डोकं कोपऱ्याला जरासं घासलं तर गेम गुपचूप बाजूला सरकवून घेतो. म्हणून तो कठीण असूनही दुष्ट वाटत नाही. आणि याचं मूळ रूप २०१५ मध्ये मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी चार दिवसांत केलं होतं, पिको-८ वर, म्हणजे छोटे जुन्या धाटणीचे गेम करायच्या सॉफ्टवेअरवर. पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, रंग फक्त १६. एवढ्या जागेत डोंगर उभा केला! मी ते रूप पहिल्यांदा खेळलो त्या रात्री झोपलो नाही, स्वतःचा एक छोटा गेम सुरू केला. अजून करतोय.

खडीसाखर

आले परत. मारिओतले ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा, हे इथे कोणाला माहीत होतं का? मला गेल्या वर्षी कळलं. ब्लॅक अँड व्हाइटवर खेळलेल्यांना तर आधीच कळायला हवं होतं, मृण्मयी.

मृण्मयी_के

अगं खरंच की! थांब, दादाला फोन करते.

एक_वाचक

पहिल्यांदाच लिहितोय. २०२१ मध्ये मला लोकलमध्ये गुदमरायला व्हायचं. छाती धडधडायची, दादरला उतरून बाकावर बसून राहायचो. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. सेलेस्टमध्ये डोंगरावरचा रोपवेचा पाळणा मध्येच अडकतो, मॅडलिन घाबरते आणि सोबतचा थिओ तिला सांगतो, एक पीस डोळ्यांसमोर आण, श्वासाने ते तरंगत ठेव. पडद्यावर खरंच पीस येतं आणि बटण दाबत-सोडत ते सांभाळायचं. दुसऱ्या दिवशी दादरच्या बाकावर मी ते करून पाहिलं. मग डॉक्टरांकडेही गेलो, औषध घेतलं, आता बरा आहे. पण सुरुवात त्या पिसाने झाली.

निशिगंध

@एक_वाचक बरं झालं लिहिलंत. मीही त्याच लाइनवर आहे, सकाळची ७:५२. कधी वाटलं तर इथे लिहा.

मृण्मयी_के

दोनदा वाचलं. लेकीलाही वाचून दाखवलं. तिने तो भाग कालच पार केला होता, काही न बोलता माझा हात धरला.

शुभांगीकाकू

मी ६२ वर्षांची, बोटांत संधिवात. नातवाने सेटिंगमध्ये जाऊन सहायक मोड लावून दिला, वेग ७० टक्के. भिंत धरून ठेवायची ताकदही संपत नाही. रोज दुपारी एक खोली. नातू म्हणतो आजी हे चीटिंग नाही, गेममध्येच दिलंय. तिसऱ्या भागात आहे, ते जुनं हॉटेल. घाईघाईत लिहिलंय, चुका पोटात घाला.

दत्ता_पाटील

काकू, नमस्कार घ्या. मी दुसऱ्यातच अडकलोय.

पाचगणीकर

आम्ही स्ट्रॉबेरीवाले, त्यामुळे मुलगा गेममधली एकही सोडत नाही. पंखवाली दिसली की घरात सगळे गप्प, कारण झेप मारली की ती उडून जाते.

आमचा खरा आवडता मात्र शॉव्हेल नाइट, २०१४ चा. फावडं घेऊन शत्रूच्या डोक्यावर टणाटण उड्या. वाटेतले दिवे हे थांबे असतात, मेलो की तिथून परत सुरू. ते फोडले तर खजिना मिळतो, पण थांबा जातो. बायको फोडते, मी फोडू देत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, दोघं मिळून खेळताना अजून यावरच भांडतो. त्यातल्या दोन चाली मानामी मात्सुमाए यांच्या आहेत, १९८७ च्या पहिल्या मेगा मॅन या गेमचं संगीत देणाऱ्या. डोळे मिटून ऐकाव्यात अशा.

खडीसाखर

वहिनींचं बरोबर आहे. दिवे फोडावेत.

सह्यवारा

फोडावेत. +१

निशिगंध

मृण्मयी, साताऱ्यात आत्याकडे म्हणजे कुठे? माझं आजोळ राजवाड्याजवळ. पन्हं गुळाचं का साखरेचं?

मृण्मयी_के

राजवाड्यापासून दहा मिनिटं, चालत. गुळाचं, वर वेलची. दादाचा फोन लागला. ढग-झुडपांचं त्याला ठाऊक होतं म्हणे. शनिवारी येतोय, लेकीला सांगितलंय त्याने, "मी बाजूला बसेन, तू खेळ."