६४६४ बॉक्सकार: एकेक डबा पुरे की व्हेरिएशनही हवीत?

हिलसाइडकर:
लायनेल या अमेरिकन खेळण्यातल्या आगगाड्यांच्या कंपनीचे ६४६४ मालिकेतले बॉक्सकार, म्हणजे बंद मालडबे, जमवणारे बरेच जण हल्ली म्हणतात, प्रत्येक रेल्वेचा एकेक डबा घ्या आणि मोकळे व्हा; रंगाच्या छटा, दारं, बॉडीचे साचे यांच्या नादी लागू नका. मला हे मुळीच पटत नाही. व्हेरिएशन, म्हणजे एकाच क्रमांकाच्या डब्यांमधले हे बारीक फरक, सोडून दिलीत तर हातात उरतं ते नुसतं रंगीत खेळणं. न्यू जर्सीतल्या त्या कारखान्यात काम कसं चालायचं, ते या फरकांतूनच कळतं.

१९५३ साली वेस्टर्न पॅसिफिक, ग्रेट नॉर्दर्न, मिनियापोलिस अँड सेंट लुईस आणि रॉक आयलंड या अमेरिकन रेल्वे कंपन्यांच्या नावांच्या चार डब्यांनी मालिका सुरू झाली. १९५५च्या सुमारास बॉडीवरचे काही रिव्हेट (खिळ्यांच्या डोक्यांसारखे उंचवटे) साच्यातून काढून टाकले, कारण मोठी अक्षरं आणि चित्रं छापायला सपाट जागा हवी होती. दारही तेव्हाच बदललं. आधीच्या दारावर एकच मोठा चौकोन होता, नंतरच्यावर अनेक लहान. बॉडी तर हाताशी असेल त्या रंगाच्या प्लास्टिकमध्ये ओतायची आणि वरून रंग मारायचा. दार सरकवून आत टॉर्च मारा: बाहेरून अगदी सारखे दिसणारे दोन डबे आतून वेगळ्या रंगाचे निघतात. हे बघायचंच नाही?

रूळप्रेमी:
बघा की, पण त्यासाठी दहापट पैसे का मोजायचे? लायनेलचे संस्थापक जोशुआ लायनेल कोवेन यांनी गाड्या काढल्या त्या पोरांनी चालवाव्यात म्हणून. मिसुरी पॅसिफिक रेल्वेचा, 'ईगल' असं छापलेला डबा घ्या. कुठे 'ईगल' हा शब्द मोठा, कुठे लहान. कुठे दारावर करडा पट्टा, कुठे कोरं पिवळं दार. दार तर कोणीही बदलू शकतो, मिनिटाचं काम! घरी भावंडांनी दोन डब्यांची दारं अदलाबदल केली असतील तर तेही व्हेरिएशन धरायचं? पिवळा रंग उन्हाने फिका पडला की त्यालाही नवी शेड म्हणून खपवतात. आणि इतके पैसे टाकून घेतलेला डबा कोणी रुळावर आणत नाही, तो काचेमागेच राहतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

हिलसाइडकर:
दाराचं म्हणणं मान्य. नुसत्या दारावरून व्हेरिएशन ठरवणारा फसणारच. म्हणून तर बॉडी ओळखता आली पाहिजे. वेस्टर्न पॅसिफिकचा नारिंगी डबा, त्यावर निळ्या पिसाचं चित्र. १९५४चा निघाला ६४६४-१०० या क्रमांकाने आणि १९६६ साली जवळजवळ तसाच पुन्हा आला ६४६४-२५० म्हणून. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी वर. आता कोणी २५० वर १०० छापून आणला तर? क्रमांक छापता येतो, दार बदलता येतं, पण १९५४चा साचा आणि १९६६चा साचा एक नव्हे. ज्या अभ्यासाला तुम्ही नाद म्हणता, तोच इथे पैसे वाचवतो.

यार्डमास्तर:
मी रूळप्रेमींच्या बाजूचा, पण कारण वेगळं. मुळात ही फसवणूक चालते कारण आपण दुर्मीळ छटेच्या मागे धावतो. मुलींसाठी काढलेला १९५७चा 'गर्ल्स ट्रेन' संच बघा: गुलाबी इंजिन, फिकट रंगातले ६४६४-५१० आणि ६४६४-५१५ हे डबे. तेव्हा तो खपला नाही, म्हणून आज त्याला एवढा भाव. आणि भाव आला तसे पुन्हा रंगवलेले डबेही आले. मागणी नसती तर हे करायची तसदी कोणी घेतली असती?

हिलसाइडकर:
पण गर्ल्स ट्रेन हे व्हेरिएशन नाहीच, ते वेगळ्या क्रमांकांचे डबे आहेत. एकेक डबा जमवणाऱ्यालाही ते घ्यावेच लागतात. म्हणजे तुमचा साधा मार्ग धरला तरी नकली मालाशी गाठ आहेच.

रूळप्रेमी:
एवढं मात्र खरं. तरी माझा न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचा तांबडा-करडा 'पेसमेकर' डबा रोज रुळावर धावतो, त्याच्या छतावर ओरखडे आहेत आणि तो कुठल्या साच्याचा हे मला आजही बघावंसं वाटत नाही. एक सांगा: पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या ऑक्टोबरच्या खेळण्यातल्या गाड्यांच्या मेळ्यात नवख्याने नारिंगी वेस्टर्न पॅसिफिक घ्यावा का?

हिलसाइडकर:
घ्यावा, पण २५० म्हणूनच विकला जाणारा. १०० हवा असेल तर आधी खात्रीचे दोन-तीन तरी हातात घेऊन बघावेत. विक्रेता दार सरकवून आत बघू देत नसेल तर त्या टेबलावर थांबू नये.